सह्यांच्या वरचा मजकूर

अर्ज-विनंत्यांनी या देशात कधी काही झाले नाही आणि पुढेही होणार नाही. जे काही झाले ते मोर्चाने, घेरावाने, उपोषणाने, फार तर न्यायालयाच्या हुकुमाने झाले. आणि म्हणून निवेदने लिहीत बसणारा मनुष्य एकतर भोळा तरी असला पाहिजे किंवा भ्याड तरी, असे एक मत आमच्या इंझोरीत, आणि इंझोरीतच का, मानोऱ्याच्या तहसील कचेरीपासून वाशीमच्या जिल्हा कचेरीपर्यंत जेथे जेथे चार त्रासलेली माणसे एका बाकावर बसतात तेथे तेथे, इतक्या निःशंकपणे बोलले जाते की त्याचा प्रतिवाद करणे हाच आता औचित्यभंग ठरू पाहत आहे. तो औचित्यभंग करण्याचे मी योजिले आहे. हे मत मांडणारे बहुधा माझ्याहून अधिक सोसलेले असतात, याची मला जाणीव आहे. ज्याच्या सोयाबीनवर ऐन काढणीत पाऊस कोसळला आणि ज्याचा पंचनाम्याचा अर्ज आवक बारनिशीत नोंदला जाऊन तेथेच चिरनिद्रा घेता झाला, त्याने अर्ज या वस्तूविषयी आदराने बोलावे अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे होईल. परंतु सोसल्याने अनुभव खरा ठरतो. त्या अनुभवावरून काढलेला सिद्धांतही खरा ठरतोच असे नाही.

या मताची वंशावळ मोठी आहे. १८९३ साली मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मधून, विलायतेहून नुकत्याच परतलेल्या अरविंद घोष यांनी काँग्रेसच्या विनवणीच्या राजकारणावर जी जळजळीत लेखमाला लिहिली तिच्यापासून, पुढे जहालांनी मवाळांच्या मार्गाची 'राजकीय भिक्षा' म्हणून जी संभावना केली तिथपर्यंत, अर्ज म्हणजे याचना, याचना म्हणजे दास्य, आणि दास्यात राहून हक्क मागता येत नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र ज्या टिळकांचे नाव या युक्तिवादाच्या पाठीशी उभे केले जाते त्यांनी स्वतः १८९६च्या दुष्काळात काय केले, हे पाहण्याची तसदी त्यांचे नाव घेणारे क्वचितच घेतात. पीक बुडाले असता रयतेला कोणती सवलत मिळावयाची याचे नियम सरकारने स्वतःच करून ठेवले होते. ते रयतेला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून देण्याची सरकारला निकड नव्हती. तेव्हा टिळकांच्या हाती आलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते नियम मराठीत समजावून सांगणारी माणसे गावोगाव धाडली, जागोजाग सभा भरविल्या, आणि साऱ्याची तहकुबी वा सूट ही मेहेरबानी नसून नियमाने मागता येणारी गोष्ट आहे, हे कुणब्याच्या मनावर बिंबवून त्याला ती लेखी मागावयास लावले. परिणाम असा झाला की १८९७ साली मुंबई सरकारने सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा सभेचा अधिकारच यापुढे मान्य करावयाचा नाही असे जाहीर केले. अर्ज म्हणजे निरुपद्रवी कागद आहेत अशी ज्या सरकारची खात्री असते ते सरकार अर्ज करणाऱ्या संस्थेची मान्यता काढून घेण्याचे श्रम कशाला करील? कागदाची धास्ती कागद लिहिणाऱ्याआधी कागद घेणाऱ्याला कळली होती.

याच सभेच्या दफ्तरातील दुसरी एक हकीकत गोखल्यांनी पुढे एका भाषणात सांगितली आहे. सभेच्या वतीने सरकारला पाठविण्याची निवेदने तयार करण्यात रानड्यांच्या हाताखाली तरुण गोखले दिवसचे दिवस घालवीत. आकडे तपासावे, अहवाल चाळावेत, वाक्यन् वाक्य घासूनपुसून घ्यावे. आणि इतक्या खटाटोपानंतर सरकारकडून उत्तर काय, तर मजकुराची नोंद घेतली आहे, एवढेच. गोखल्यांनी उद्वेगाने विचारले, या श्रमांचा उपयोग काय? त्यावर रानड्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, हे अर्ज सरकारच्या नावे असतात ते केवळ नावापुरते. वस्तुतः ते आपल्याच लोकांना उद्देशून लिहिलेले असतात, सार्वजनिक प्रश्नावर विचार कसा करावा हे त्यांनी शिकावे म्हणून. आणि हे शिक्षण पुष्कळ वर्षे, दुसऱ्या कोणत्याही फळाची आशा न धरता, चालू ठेवावे लागेल.

हे उत्तर थोर आहे, आणि ज्या सभेच्या सभासदाला निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणल्याखेरीज प्रवेश नव्हता, ज्या सभेने १८७० साली स्थापन झाल्यावर पाचच वर्षांत ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी बसावेत असा अर्ज विलायतेस पाठविला आणि तो अर्थातच व्यर्थ गेला, त्या सभेच्या सूत्रधाराला ते शोभूनही दिसते. तथापि मला ते अपुरे वाटते. अर्ज जर केवळ आपल्याच शिक्षणासाठी असेल तर ज्याच्या टेबलावर तो जाऊन पडतो त्या अधिकाऱ्याला आपण फारच स्वस्तात मोकळे सोडतो. चांगल्या अर्जाला दोन वाचक असतात. एक शिकतो, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. आणि दुसऱ्याला उत्तर देणे जितके अवघड होईल तितके पहिल्याचे शिक्षण पक्के होते. आमच्याकडील अर्ज फुकट जातात ते अर्ज असल्यामुळे फुकट जात नाहीत. त्यांत उत्तर देण्यासारखे काही नसते म्हणून ते फुकट जातात. ही गोष्ट मी पुढे उदाहरणाने दाखवीन. पण आधी भिक्षेच्या आक्षेपाचा समाचार पुरता घेतला पाहिजे, कारण तो आक्षेप बुद्धीला पटतो त्यापेक्षा अभिमानाला अधिक गोड लागतो.

भिक्षा कशी मागितली जाते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते त्यांनी अर्ज कसा लिहिला ते पाहावे. १८९० नंतरच्या काळात महारांना सैन्यात घेण्याचे सरकारने बंद केले. तेव्हा पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरवून सरकारकडे निवेदन पाठविले, आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे विलायतेस अर्ज धाडला. ज्या माणसाला गावच्या चावडीत उंबऱ्याबाहेर उभे राहून, वर न पाहता, 'जोहार मायबाप' एवढेच बोलण्याची मुभा होती, तो माणूस लंडनच्या मंत्र्याला लिहिताना आमच्या वाडवडिलांनी तुमच्या फौजेत अशी अशी चाकरी केली, मग आता आम्ही नालायक कसे ठरलो, याचे कारण द्या, असे विचारतो. ही याचना आहे काय? जोहारात कारण विचारता येत नाही, अर्जात विचारता येते, आणि कारण विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे धरून चालणे हेच त्या काळी मोठे धाडस होते. कोणी म्हणेल की १९१७ साली महारांची १११वी पलटण उभी राहिली ती महायुद्धामुळे, अर्जामुळे नव्हे, आणि युद्ध संपताच १९२१ साली ती मोडलीही. खरे आहे. महार रेजिमेंट उभी राहिली तीही १९४१ साली, दुसरे युद्ध पेटलेले असतानाच. परंतु सरकारची गरज निर्माण झाली त्या दिवशी 'आम्ही तयार आहोत आणि आमचा हक्क आहे' असे सांगणारा कागद त्याच्या दफ्तरात आधीपासून पडून होता, आणि कागदापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तो लिहिताना घडलेली माणसे व संघटना जाग्यावर होत्या. संधी आली म्हणजे ती कोणाची हे पुष्कळदा आधीच ठरून गेलेले असते.

आता आमच्याच विदर्भातील एका प्रकरणाकडे येतो, कारण लेखणीने काय होते आणि काय होत नाही या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात. २६ मार्च १९७२च्या रात्री देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात, जे त्या वेळी चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होते व आता गडचिरोलीत आहे, एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली, असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत त्यांना दोषी ठरविले. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत इत्यादी कारणे देऊन, पुन्हा निर्दोष सोडले. त्या मुलीचे नाव निकालपत्रांत छापले गेले आणि प्रकरण त्याच नावाने प्रसिद्धही आहे. मी ते येथे लिहिणार नाही. सर्वसाधारण रीतीप्रमाणे प्रकरण येथे संपावयाचे. परंतु १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले.

सह्या चार. त्यांच्यामागे त्या दिवशी पक्ष नव्हता की जमाव नव्हता. शिव्याशापही नव्हते, संताप होता, पण तो युक्तिवादाच्या शिस्तीत बसविलेला होता. संमती आणि शरणागती यांतील जो भेद कायद्याला मुळातच मान्य आहे तो न्यायालयाने का सोडून दिला. रात्रीच्या वेळी, पोलिसांच्याच चौकीत, आप्तांना बाहेर थांबवून आत ठेवून घेतलेल्या गरीब मुलीने आरडाओरड केली नाही याचा अर्थ तिची संमती होती असा कोणत्या तर्काने निघतो. आणि फिर्यादी श्रीमंताघरची, शिकलेली असती तर हाच तर्क चालला असता काय, अशी ही प्रश्नावली होती, आणि तिची मांडणी ज्या संस्थेला ती उद्देशून होती त्या संस्थेच्याच परिभाषेत केलेली होती. खालच्या माणसाने वरच्याला केलेली विनवणी असे तिचे रूपच नव्हते. न्यायालयाने ज्या कसोट्या स्वतः मान्य केल्या आहेत त्यांनाच न्यायालयाचा निकाल लावून दाखविलेला होता.

पत्राने निकाल बदलला नाही. येथे माझे प्रतिपक्षी हसतील, आणि पुढे म्हणतील की १९८० साली मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर स्त्रिया उतरल्या म्हणून १९८३ साली कायदा बदलला. त्यांचे पहिले विधान खरे आणि दुसरे अर्धे खरे. स्त्रिया उतरल्या नसत्या तर पत्र ग्रंथालयात राहिले असते, यात संदेह नाही. परंतु पत्र नसते तर त्या उतरल्या कशासाठी असत्या? निकाल होऊन वर्ष उलटले होते आणि तो फारसा कोणी वाचलेला नव्हता. निकालात काय लिहिले आहे आणि ते अन्याय्य का आहे हे त्या पत्राने देशाला सांगितले, आणि अस्पष्ट संतापाला निश्चित मागणीचे रूप दिले. १९८३च्या दुरुस्तीने पोलिसाने आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेल्या अत्याचाराला स्वतंत्र व कठोर शिक्षा ठेवली. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने शपथेवर 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्यात घातले. आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा अपराध ठरविला. चार सह्यांच्या कागदातील वादमुद्दा चार वर्षांत कायद्याच्या कलमात उतरला. मोर्चा श्रेष्ठ की अर्ज, ही तुलनाच मुळी चुकीच्या पायावर उभी आहे. मोर्चाला पाय लागतात तसे कारणही लागते, आणि कारण कोणीतरी बसून लिहावे लागते.

यावरून सह्यांच्या संख्येचे जे देवघर आमच्याकडे मांडले गेले आहे त्याविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. "करा ना भाऊ सही, वाचाचं काय त्याच्यात!" हे वाक्य ऐकले नाही असा मनुष्य वऱ्हाडात विरळा. भिडेखातर सही होते, काकाजींनी केली म्हणून पुतण्या करतो, घरातील बायांच्या सह्या घरचा कर्ता पुरुषच उरकून टाकतो, आणि मग 'पाचशे ग्रामस्थांचे निवेदन' म्हणून त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकते. इंग्लंडातील चार्टिस्ट कामगारांनी मताधिकारासाठी १८४२ साली पार्लमेंटकडे जो अर्ज नेला त्यावर ३३ लाखांहून अधिक सह्या होत्या, तरी तो फेटाळला गेला. १८४८ साली त्यांनी त्याहून मोठा अर्ज नेला, आणि छाननीत सह्या सांगितल्या त्याच्या निम्म्याही नाहीत, शिवाय त्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणीचीही 'सही' आहे, असे निघाल्यावर पार्लमेंटला मागणीविषयी बोलण्याची गरजच उरली नाही, सह्यांविषयी हसणे पुरेसे झाले. त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे इंग्लंडने यथाकाल मान्य केल्या, कारण मजकूर खरा होता. बुडाला तो खोट्या सह्यांनी बुडविलेला अर्ज. याच्या उलट १८९४ साली नेटाळमध्ये हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध गांधींनी वसाहतमंत्र्यांकडे जो अर्ज पाठविला त्यावर पंधरवड्यात सुमारे १०,००० सह्या मिळविल्या, परंतु मजकूर समजावून दिल्याशिवाय एकाचीही सही घ्यावयाची नाही असा त्यांचा दंडक होता. तो कायदा विलायत सरकारने नामंजूर केला. नेटाळ सरकारने पुढे वंशाचा उल्लेख गाळून तोच हेतू दुसऱ्या कायद्याने साधला, हेही सांगितले पाहिजे. पण त्या दहा हजार माणसांना आपण कशावर सही केली हे ठाऊक होते, आणि तेथील पुढचा सगळा लढा याच लोकसमूहातून उभा राहिला.

आणि ज्यांना अर्ज म्हणजे निव्वळ शब्द वाटतात त्यांनी आपल्याच राज्याचा २००८चा दारूबंदीविषयक आदेश वाचावा. गावातील स्त्री-मतदारांपैकी निदान २५ टक्के जणींनी दुकान बंद करावे असा लेखी अर्ज केला, तर अधिकाऱ्याला सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. आणि गावच्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकानाला टाळे लागते. एकूण मतदारांपैकी, झालेल्या मतदानापैकी नव्हे. म्हणजे जी बाई मजुरीला गेली म्हणून आली नाही तिचे मतही उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. ही अट अन्यायाची आहे असे माझे मत आहे. तरीही या राज्यातील कित्येक गावांत बाया ती ओलांडून गेल्या आहेत, आणि त्या ठिकाणी आरंभ झाला तो अर्जानेच.

आता आमच्या अर्जांचे स्वरूप. 'प्रति, मा. तहसीलदार साहेब, मानोरा. विषय : न्याय मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आम्ही खाली सह्या करणार मौजे इंझोरी येथील रहिवासी असून आमच्यावर घोर अन्याय होत आहे. तरी योग्य ती कार्यवाही करून न्याय द्यावा. अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील.' खाली प्रतिलिपी माहितीस्तव म्हणून मुख्यमंत्र्यांपासून ठाणेदारापर्यंत सर्वांची नामावळी. या कागदात नम्रता आहे, धमकी आहे, नामावळी आहे. अन्याय कोणता एवढे मात्र नाही. साहेब त्यावर 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून तो मंडळ अधिकाऱ्याकडे रवाना करतात. योग्य ती कार्यवाही मागितली होती, योग्य ती कार्यवाही मिळाली; तक्रारीला जागा कोठे आहे?

समजा विषय पांदण रस्त्याचा आहे, आणि शेजाऱ्याने धुऱ्यालगत काट्या टाकून बैलबंडीची वाट अडविली आहे. १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराला हा अडथळा काढण्याचा हुकूम देता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागितली पाहिजे. म्हणजे साऱ्या अर्जाचा प्राण एका तारखेत आहे. वाट कोणत्या गट नंबरांमधून जाते, किती वर्षांची वहिवाट आहे, तिच्यावरून कोणाकोणाच्या शेतांत जावे लागते, ती कोणत्या तारखेला अडविली, पेरणी तोंडावर असल्याने हुकूम किती दिवसांत हवा, आणि कोणत्या कलमाखाली हवा, एवढे एका पानात लिहून, पोच घेऊन, आवक क्रमांक जपून ठेवलेला अर्ज फेटाळावयाचा असेल तर अधिकाऱ्याला कारण लिहावे लागते; आणि लिहिलेले कारण वरच्या कचेरीत, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, किंवा उच्च न्यायालयात खोडून काढता येते. 'घोर अन्याय' खोडून काढण्याची गरज कोणालाच पडत नाही. हे लिहावयास इंग्रजी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५०ने गाऱ्हाणे राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला दिलेला आहे.

माझ्या प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट दाखला मी लपवून ठेवीत नाही. वेगळ्या विदर्भाची मागणी राज्य पुनर्रचना आयोगापुढे लेखी निवेदनांनी आणि साक्षींनी मांडली गेली, लोकनायक बापूजी अणे आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे तिचे अध्वर्यू होते, आणि फाजल अली आयोगाने १९५५ साली ती मान्य करून स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. युक्तिवाद जिंकला आणि राज्य मिळाले नाही. दिल्लीत आणि मुंबईत तराजूची पारडी वेगळीच होती. चंद्रपूरच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे ठराव आणि निवेदने करून, चालत नागपूरपर्यंत जाऊन, २०१५ साली मिळविलेली दारूबंदी २०२१ साली उठविली गेली, हेही डोळ्यांसमोरचे आहे. तेव्हा उत्तम लिहिले म्हणजे मागणी पदरात पडतेच, असा दावा मी करीत नाही, आणि तो कोणी करीत असेल तर त्याचा प्रतिवाद मीच करीन. माझे म्हणणे एवढेच आहे की नीट लिहिलेली मागणी हरली तरी ती कोणत्या कारणाने हरली हे सांगता येते, आणि न लिहिलेली मागणी जिंकली तरी काय जिंकले हे दुसऱ्या वर्षी कोणाला सांगता येत नाही. विदर्भाच्या प्रश्नात अनुशेषाची जी भाषा आज सर्व पक्ष बोलतात तिची पूर्वपीठिका त्या निवेदनांत आहे. आणि विकास मंडळांची तरतूद करणारा अनुच्छेद ३७१(२) पुनर्रचनेच्याच वेळी, १९५६ साली, संविधानात या स्वरूपात आला.

ज्यांना मोर्चा काढावयाचा आहे त्यांनी तो अवश्य काढावा. मीही त्यात येईन. पण येत्या ग्रामसभेत पांदण रस्त्यांचा विषय निघेल तेव्हा 'अर्जांनी काय होते' असे म्हणून उठून जाण्याऐवजी त्यांनी एक तास बसावे, कोणती वाट, कोणत्या गटातून, कोणत्या तारखेपासून बंद आहे हे आठवून सांगावे, लिहिणाऱ्याने ते लिहावे, लिहिलेले सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे, मागे बसलेल्या बायांना ऐकू गेले की नाही हे विचारावे, ज्याची हरकत असेल त्याची हरकत तेथेच नोंदवावी, आणि सह्या त्यानंतर मागाव्यात.